धुतल्यावर काय राहतं

परभणीत नळाला पाणी आठ-दहा दिवसांनी यावं, यात कुणाला बातमी दिसत नाही. पूर्णेवर येलदरी आहे, सेलूकडं निम्न दुधना आहे, गंगाखेडला तर साक्षात गोदावरी आहे. तरी घरात पाणी टिकवायचं ते ड्रममध्येच. फेब्रुवारी सरला की भंगारवाल्यांच्या आवारात निळ्या ड्रमच्या थप्प्या लागतात, दोरीनं आवळलेले ड्रम टेम्पोतून खेड्यांकडं निघतात आणि ज्यांच्याकडं गच्चीवर मोठी टाकी बसवायची ऐपत नाही त्यांच्या पायरीशी एक-दोन ड्रम उभे राहतात. काही जण त्यांना साखळी-कुलूपही लावतात. दोनशे लिटरचं हे भांडं मराठवाड्याच्या संसारात हंड्या-कळशीइतकं घरचं झालं. ते आपल्याकडं येण्याआधी कुठं होतं, हे मात्र फारसं कुणी विचारत नाही.

मी भावाच्या लाकडी घाण्यावर बसतो. करडई, शेंगदाणा, थोडा तीळ. तेल आणि पाणी या दोन्हींच्या साठवणीशी माझा रोजचा संबंध येतो, म्हणून या विषयावर जरा सावकाश बोलावंसं वाटतं.

ड्रम घेताना लोक काय बघतात? चीर आहे का, झाकण बसतं का, बूड बसकं झालंय का. बघावं ते आणखी असतं. बुडाशी किंवा खांद्यावर उठावाची अक्षरं असतात. घड्याळासारखी एक चकती असते. कडेनं एक ते बारा महिने, मधे बाण, बाणाच्या दोन्ही अंगांना वर्षाचे आकडे. ड्रम साच्यातून कधी निघाला ते तिच्यावरून कळतं. जवळच त्रिकोणात २ हा आकडा असला तर प्लॅस्टिक एचडीपीई जातीचं. कधी वर्तुळात ‘यूएन’ आणि त्यापुढं १एच१ किंवा १एच२ असं असतं. १एच१ म्हणजे वरून बंद, बुचाचा ड्रम. १एच२ म्हणजे अख्खं तोंड उघडणारा, कड्याच्या झाकणाचा. धोकादायक माल वाहण्याच्या कसोटीला हा ड्रम उतरला आहे, एवढंच ती खूण सांगते. प्रत्यक्षात त्यात काय भरलं होतं, हे सांगत नाही. पेला आणि काटा यांचं छोटं चित्र असेल तर ते प्लॅस्टिक अन्नासाठी म्हणून बनवलेलं. पण मागच्या मालकानं पुढं त्यात काय ओतलं, हे त्या चित्रालाही ठाऊक नसतं. ड्रमच्या अंगावर त्याचा जन्म लिहिलेला असतो, पुढचं आयुष्य नाही.

आयुष्याचा माग लागला तर दोन जागी लागतो. एक, लेबलाचे उरलेले तुकडे. लिक्विड ग्लुकोज किंवा माल्ट अशा खाण्याच्या मालाचं लेबल असेल तर त्यावर अन्नसुरक्षा परवान्याचा चौदा आकडी क्रमांक सापडतो, आणि तो सापडला की माझ्या लेखी निम्मं काम झालं. लेबल मुद्दाम खरवडून काढलेलं असेल, त्याखालचा भाग उरलेल्या ड्रमपेक्षा उजळ दिसत असेल, तर मी तो ड्रम पुढं सरकवतो. दुसरी जागा म्हणजे बूच. बुचाच्या आतली रबरी चकती नखानं उचकटून नाकाशी धरावी. ड्रम दहा पाण्यांनी धुतला तरी चकतीतला वास सहसा जात नाही.

विकणाऱ्याला विचारलं तर उत्तर ठरलेलं. “साबणाचा माल होता भाऊ, काई नसतंय त्याला. दोन पाण्यानं धुवा अन् वापरा.” साबणाचा माल म्हणजे बहुतेक वेळा अ‍ॅसिड स्लरी, धुण्याच्या पावडरीचा कच्चा माल, हातावर सांडली तर कातडी भाजते. घ्यायला आलेली बाईसुद्धा तेच म्हणते, “धुतल्यावर काय ऱ्हातंय?”

या वाक्यानं मला बराच काळ विचारात पाडलं आहे. ते अडाणी माणसाचं वाक्य म्हणून उडवून लावता येत नाही, कारण त्यामागं पिढ्यान् पिढ्यांचा अनुभव आहे. आपली भांडी पितळेची, तांब्याची, काशाची होती. राख, चिंच, माती लावून घासलं की भांडं खरोखर स्वच्छ होत असे. धातू आत काही शोषून घेत नाही. जे चिकटतं ते वरच्यावर, आणि वरचं घासून निघतं. रॉकेलचा पत्र्याचा डबा तर निजामाच्या काळापासून आमच्याकडं कशाकशाला वापरला गेला. त्याला वरून लाकडी दांडी ठोकून आडाचं पाणी शेंदलं, धान्य भरलं, तुळस लावली. सोड्याच्या उकळत्या पाण्यानं धुवायचा आणि उन्हात पालथा घालायचा. त्यानं भागत होतं.

पण याच घरांत मातीच्या भांड्यांसाठी निराळा कायदा होता. तुपाचं गाडगं तुपाचंच, दह्याचं मडकं दह्याचंच. तेलाच्या मडक्यात कुणी पाणी भरत नसे. सुतक फिटलं की तांब्या-पितळेची भांडी घासून घ्यायची आणि मातीची फोडून टाकायची. या सोवळ्या-ओवळ्यामागं शिवाशिवीचं जे विषारी ओझं होतं ते टाकलंच पाहिजे, त्यात दुमत नाही. मात्र भांड्यापुरतं बोलायचं तर त्या बायांना पक्कं माहीत होतं की काही भांडी वरून धुतली जातात आणि काही आतपर्यंत मुरतात, आणि दोघांना एकच नियम लावून चालत नाही.

प्लॅस्टिक आलं तेव्हा आपण त्याला धातूच्या रांगेत बसवलं. तेही गुळगुळीत, टणक, पडलं तरी न फुटणारं. खरं तर त्याची जागा मडक्याशेजारी होती. एचडीपीईच्या भिंतीत डोळ्यांना दिसणारी छिद्रं नसतात, पण तिच्या रेणूंच्या लांबलचक साखळ्यांमधून तेलकट, पेट्रोलसारखे, द्रावकांच्या जातीचे पदार्थ हळूहळू आत शिरतात आणि तिथं मुक्काम करतात. साबणाचं पाणी भिंतीच्या पृष्ठभागापर्यंत पोचतं, आत पोचत नाही. नंतर आपण पाणी भरतो, मे महिन्यात ड्रम दिवसभर उन्हात तापतो, आणि मुरलेलं ते उलट्या वाटेनं थोडं थोडं बाहेर येऊ लागतं. उष्णता जितकी जास्त तितकी ही वाट मोकळी. पाण्याऐवजी तेल भरलं तर आणखीच, कारण असले पदार्थ पाण्यापेक्षा तेलात कितीतरी सहज विरघळतात.

अन्नाला लागणाऱ्या पॉलिथिलीनसाठी आपल्याकडं भारतीय मानक आहे, आयएस १०१४६. प्लॅस्टिकमधून अन्नात किती अंश उतरतो याची तपासणी आयएस ९८४५ प्रमाणे होते, आणि एकूण उतरणाऱ्या अंशाची मर्यादा किलोला ६० मिलिग्रॅम. ही तपासणी कशी करतात ते कळलं तेव्हा मला फार बरं वाटलं. साध्या अन्नासाठी शुद्ध पाणी घेतात, आंबटासाठी ३ टक्के अ‍ॅसेटिक आम्ल, मद्यासारख्या पदार्थांसाठी अल्कोहोल आणि तेलकटासाठी हेप्टेन. एकच प्लॅस्टिक पाण्याला चाललं म्हणून ताकाला किंवा तेलाला चालेलच असं मानक धरून चालत नाही. आमच्या आजीचा गाडग्या-मडक्यांचा हिशेब याहून वेगळा नव्हता. पण ही सारी तपासणी कोऱ्या प्लॅस्टिकची. मागं दोन वर्षं कुठल्या तरी औद्योगिक वसाहतीत कसलं तरी द्रावण पोटात घेऊन उभा राहिलेला ड्रम या कसोटीत बसतच नाही.

घाण्यावर हा प्रश्न रोज समोर येतो. शेतकरी आपली करडई घेऊन येतात, गाळून झालं की तेल आपल्याच भांड्यात घेऊन जातात. ती भांडी ओळीनं मांडली तर जिल्ह्याचा सगळा कारभार दिसेल: थंड पेयाच्या बाटल्या, लग्नात आलेले स्टीलचे डबे, पंधरा किलोचे जुने पत्र्याचे डबे, इंजिन ऑइलचे कॅन, आणि मधूनच फवारणीच्या औषधाचा पाच लिटरचा कॅन, घासून लख्ख केलेला. परभणी, मानवत, सेलू हा कापसाचा पट्टा. औषधाचे कॅन घरोघरी साचतात, आणि ते इतके मजबूत, इतक्या घट्ट बुचांचे असतात की फेकवत नाहीत. लेबलावरचा लाल किंवा पिवळा त्रिकोण धुण्यात निघून जातो. मग उरतो तो एक चांगला पांढरा कॅन.

त्यात तेल घालायला आम्ही नकार देतो. लोक रागावतात. एक मावशी म्हणाल्या, “तीन येळा गरम पाण्यानं धुतलाय, तुमाला काय करायचंय?” त्यांना मी बिहारची गोष्ट सांगितली. सारण जिल्ह्यातल्या धर्मासती गंडामन गावी १६ जुलै २०१३ ला शाळेतलं मध्यान्ह भोजन खाऊन २३ मुलं दगावली. जेवणात मोनोक्रोटोफॉस हे कीटकनाशक सापडलं, आणि स्वयंपाकाचं तेल कीटकनाशकाच्या डब्यात ठेवलेलं होतं असं तपासातून पुढं आलं. मावशी काही बोलल्या नाहीत. कॅन तिथंच ठेवला आणि तेल आमच्याकडच्या नव्या डब्यात नेलं. कीटकनाशक नियम १९७१ मध्ये लिहिलेलं आहे की रिकामी वेष्टनं पुन्हा वापरता येणार नाहीत अशी फोडून वस्तीपासून दूर पुरावीत. आमच्या भागात हे करताना मी फार थोड्यांना पाहिलं आहे. औषध विकणाऱ्या दुकानात कॅनबरोबर हे वाक्य तोंडानं सांगितलं गेलं पाहिजे, असं मला मनापासून वाटतं.

करडईच्या तेलाचं आणखी एक आहे. इथल्या कृषी विद्यापीठानं ‘परभणी कुसुम’ सारखे वाण दिले, करडईवर इथं वर्षानुवर्षं संशोधन चाललं आहे, आणि या तेलाची थोरवी सगळेच गातात. त्यात लिनोलिक आम्ल सत्तर टक्क्यांहून अधिक असतं. ते आरोग्याला चांगलं मानलं जातं, पण त्याच गुणामुळं तेल हवा, उजेड आणि उष्णता यांना लवकर बळी पडतं आणि खवट होतं. लोखंडाचा आणि त्याहूनही तांब्याचा नुसता अंश लागला तरी खवटपणाला वेग येतो. म्हणून कल्हई उडालेल्या पितळेच्या पातेल्यात तेल ठेवू नये. म्हणूनच जुना पत्र्याचा डबाही नको: त्याच्या आतला कथलाचा पातळ थर ओरखड्यांनी गेला की खालचं लोखंड उघडं पडतं, आणि सांध्यात राहिलेलं मागचं शिळं तेल नव्या तेलाला विरजणासारखं बिघडवतं. धातू शोषत नाही हे खरं, पण डब्याचे कोपरे कुणाला घासता येतात? अन्नसुरक्षेच्या नियमांत खाद्यतेलाचा पत्र्याचा डबा एकदा वापरला की पुन्हा खाद्यतेल-तूप भरायला मनाई आहे, ती याच अर्थानं शहाणपणाची आहे. बाजारात तो नियम किती पाळला जातो, हे डब्यांवरचे जुने ठोके पाहून कुणालाही सांगता येईल.

आम्ही घाण्यासाठी टाकी घेतली ती ३०४ जातीच्या स्टेनलेस स्टीलची, खाली निमुळत्या बुडाची, म्हणजे गाळ तळाशी बसतो आणि वरचं नितळ तेल बाजूच्या तोटीनं काढता येतं. ३०४ म्हणून २०२ गळ्यात मारणारे पुष्कळ आहेत. २०२ मध्ये निकेल कमी आणि मँगनीज जास्त. मीठ आणि आंबट यांच्यापुढं ते लवकर हार खातं. लोहचुंबक लावून हा फरक कळतो असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नये, दोन्ही त्याला जवळपास चिकटत नाहीत. बिलावर जात लिहून घ्यावी आणि पत्र्यावरचा कारखान्याचा छाप पाहावा. टाकी महाग पडली. पण ती आम्हाला पुन्हा घ्यावी लागणार नाही, आणि तिच्यात आमच्या तेलाआधी काहीच नव्हतं हे आम्हाला ठाऊक आहे.

हे ठाऊक असणं किती मोलाचं असतं ते लातूरच्या पाण्याच्या रेल्वेनं दाखवलं. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला पाणी न्यायचं ठरलं तेव्हा टाकी-वाघिणी आधी राजस्थानात कोट्याच्या रेल्वे कार्यशाळेत वाफेनं साफ केल्या गेल्या. १२ एप्रिलला पहिली गाडी दहा वाघिणींतून पाच लाख लिटर पाणी घेऊन लातुरात पोचली. तहानलेलं शहर वाट पाहत असतानाही वाघिणी धुण्यासाठी थांबायला रेल्वेची हरकत नव्हती. वाघीण पोलादाची, तिला वाफ पुरते. आणि तिनं आधी काय वाहिलं याची नोंद रेल्वेकडं असते. त्याच उन्हाळ्यात मराठवाड्यातल्या असंख्य घरांनी जे ड्रम घेतले त्यांना ना वाफ मिळाली ना त्यांची कुठं नोंद होती.

पैशाचा प्रश्न येतोच. नव्या ड्रमला जुन्याच्या दुपटीहून अधिक मोजावे लागतात आणि रोजंदारीवरच्या घराला ते जड जातं. इथं थोडा हिशेब मांडला तर वाट सापडते. जलजीवन मिशननं खेड्यातल्या माणसासाठी दिवसाला ५५ लिटर पाणी धरलं आहे. पाच माणसं आणि आठ दिवस म्हटलं तर २२०० लिटर. एवढं सगळं नव्या ड्रममध्ये ठेवणं गरिबाला शक्य नाही. पण पिण्याला आणि स्वयंपाकाला माणशी सात लिटर धरले तर आठ दिवसांचे होतात २८० लिटर. म्हणजे सगळी काळजी दीड ड्रमाची. तेवढा दीड ड्रम नवा, अन्नाच्या खुणेचा घ्या, नाहीतर रांजण आणि स्टीलचं पिंप घ्या. धुण्या-भांड्याला, जनावरांना साध्या जुन्या ड्रमचं पाणी चालू शकेल, मात्र औषधाचा आणि अ‍ॅसिडचा ड्रम तिथंही नको. पूर्वी पिण्याचं पाणी माजघरात आणि वापरायचं पाणी हौदात असायचं. ती वाटणी नळ आल्यावर आपण मोडली, आता ती पुन्हा करायला हरकत नाही.

पिण्याच्या ड्रमचं तोंड हात जाईल एवढं रुंद असावं, म्हणजे आतून पुसता येतं. झाकण घट्ट असावं, आणि पाणी तांब्या बुडवून न घेता तोटीनं घ्यावं. ड्रम सावलीत, विटांवर. डेंग्यूचा डास असल्याच स्वच्छ साठ्यात अंडी घालतो आणि आठवडा-दहा दिवसांत अंड्याचा डास होतो, म्हणून आरोग्यसेविका कोरडा दिवस पाळायला सांगतात. नळच दहा दिवसांनी येत असेल तर भरलेला ड्रम ओतून द्यायला कुणाचं मन धजत नाही, हे मला कळतं. निदान तोंडावर कापड आवळून बांधावं आणि ड्रम रिकामा झाला की भरण्याआधी कडा घासाव्यात, कारण अंडी कडेलाच चिकटलेली असतात.

मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ती पंगतींची. लग्नात, भंडाऱ्यात मठ्ठा निळ्या ड्रममध्ये घुसळला जातो. गजानन महाराजांची पालखी शेगावहून पंढरपूरला जाताना परभणी-गंगाखेड मार्गानं जाते, तेव्हा वाटेवरची गावं पाणी, ताक, सरबत घेऊन उभी असतात. एवढ्या श्रद्धेनं दिलेलं ताक कशात कालवलंय हे पाहिलं की जीव कासावीस होतो. ताक आंबट, त्यात स्निग्धांश. प्लॅस्टिकमधलं मुरलेलं बाहेर ओढायला दोन्ही गुण हजर. काही ठिकाणी उकळतं वरणसुद्धा ड्रममध्ये ओततात. मंडप-केटरिंगवाल्यांकडं स्टीलचे गंज आणि पिंपं भाड्यानं मिळतात. वर्गणी काढताना त्यासाठी थोडे रुपये जास्त काढावेत, एवढंच मागणं आहे.

शेवटी कायद्याचं. घातक कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांत ३३.१ या क्रमांकाखाली घातक रसायनांनी दूषित झालेले रिकामे ड्रम आणि वेष्टनं ही घातक कचऱ्यात धरली आहेत. कारखान्यानं ते अधिकृत शुद्धीकरण करणाऱ्याकडं किंवा पुनर्वापर करणाऱ्याकडंच द्यायचे असतात. म्हणजे तसा ड्रम आमच्या गल्लीत पोचतो तेव्हा वरच्या साखळीत कुणीतरी आपलं काम सोडून दिलेलं असतं. शंभर-दोनशे रुपये वाचवू पाहणाऱ्या बाईला नावं ठेवण्यात अर्थ नाही. तिला माहिती मिळायला हवी, आणि ती ड्रमबरोबरच यायला हवी.

आमच्याकडच्या एका भंगार व्यापाऱ्यानं हे आपल्या परीनं सुरू केलं आहे. ग्लुकोजचे आणि खाण्याच्या इतर मालाचे ड्रम तो वेगळे लावतो, लेबल काढत नाही, आणि बाजूला रंगानं मोठ्या अक्षरांत आधीचा माल लिहितो. बाकीच्यांवर लिहितो ‘पिण्यास नाही’. लिहिलेल्या ड्रमला तो जास्त भाव लावतो, आणि उन्हाळ्यात त्याच्या आवारातून आधी तेच संपतात.